मधला आवाज गेल्यावर

आमच्या घरात वस्तू बिघडली की ती माझ्याकडे येते. यात कौतुक काही नाही. मी वाघोलीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, सोल्डरिंग गन हाताशी असते, आणि लग्न मोडून बिबवेवाडीला आईवडिलांकडे परत आलेल्या बाईने घराच्या काहीतरी उपयोगी पडावं अशी लोकांची अपेक्षा असते. मिक्सर, गिझर, शेजारच्या काकांचा रेडिओ, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं.

खरं तर मला दुरुस्त करण्यापेक्षा बिघडवण्यातच जास्त गोडी. लहानपणी टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले की मी मुद्दाम बदलायची नाही. गाणारी बाई हळूहळू जड आवाजाचा पुरुष होत जायची आणि शेवटी हंबरायची. कॅसेट उघडून फीत उलटी भरली की ओळखीचं गाणं कुठल्या तरी परक्या मुलखाचं होऊन जायचं. हेडफोनची पिन माइकच्या भोकात खुपसली तर कानाला लावायच्या वस्तूत बोलताही येतं, हा शोध मला लागला तेव्हा मी तो घरभर नाचून सांगितला होता. आई म्हणाली, "पसारा आवर." बाबा काहीच म्हणाले नाहीत.

बाबा घरात बोलतच नसत. बँकेत कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी निवेदक. जुनी गाणी गाणाऱ्या एका हौशी वाद्यवृंदाबरोबर ते गावोगावी जायचे, आणि पुण्यात तर ज्येष्ठ नागरिक संघापासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत कुठेही. दोन गाण्यांच्या मध्ये उभं राहून बोलायचं, एवढंच काम. पण ते असे बोलायचे की लोक घरी जाताना गाण्याबद्दल कमी आणि निवेदनाबद्दल जास्त बोलायचे. त्यांची वाक्यं ठरलेली असत. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. सुरुवात अशी: "रसिकहो, नमस्कार. मोबाईल बंद ठेवा. ज्यांना बंद करता येत नाही, त्यांनी नातवाला फोन करून विचारावं." मग हशा. मग तबलजीची ओळख, "हे इतके शांत स्वभावाचे आहेत की हात फक्त तबल्यावरच उचलतात," म्हटलं की पुन्हा हशा. घरी आले की चप्पल काढायची, पाणी प्यायचं आणि पेपर उघडायचा. आई म्हणायची, "सगळं बोलणं तिकडेच सांडून येतात. आम्हाला रिकामं भांडं मिळतं."

मागल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता उरला, आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. आई भाजीत मीठ विसरली की पहिल्यासारखेच तिच्याकडे बघायचे. पण शब्द म्हणून येईना. डाव्या हातात खडू दिला तर पाटीवर नुसत्या रेघा यायच्या. अक्षरंही बोलण्याबरोबरच गेली होती. जो माणूस घरात आपणहून गप्प बसायचा, त्याला आता गप्प बसवलं गेलं होतं, आणि या दोन गप्पपणांतला फरक इतका भयंकर असेल असं मला वाटलं नव्हतं.

वाचोपचाराला, म्हणजे स्पीच थेरपीला, एक मुलगी यायची. तरुण, हुशार, बोलायला गोड. ती म्हणाली, "ताई, कधी कधी पाठ असलेलं आधी येतं. आरत्या, पाढे, वारांची नावं. काकांना काय पाठ आहे?"

आई आणि मी एकदमच म्हणालो, "निवेदन."

वाद्यवृंदाच्या लोकांकडे एका कार्यक्रमाचं चांगलं रेकॉर्डिंग होतं. ते त्यांनी एका छोट्या प्लेअरमध्ये भरून दिलं. आम्ही मोठ्या उत्साहाने ते स्पीकरवर लावलं. बाबांनी स्वतःचा आवाज ऐकला, मान हलवली आणि ऐकत बसले. परक्या माणसाचं भाषण ऐकावं तसे. तोंड उघडलंच नाही. उलट आईने मध्ये काही बोलायला घेतलं तर डावा हात वर करून तिला गप्प केलं. दिवसातून दोनदा, चारदा, तेच. शेवटी आईचा संयम सुटला. "माणूस मुका आणि यंत्र बोलतंय. मला नाही सहन होत. कानाला लावून द्या त्यांच्या." म्हणून हेडफोन आला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी बाबा गॅलरीत खुर्चीत बसले होते. हेडफोनची वायर खुर्चीच्या हातात अडकून ओढली गेली होती आणि पिन प्लेअरमधून अर्धी बाहेर आली होती. मी ती आत सारायला वाकले, आणि बाबांचे ओठ हलताना दिसले. मी तशीच थांबले. घशातून आधी घरघर आली. मग जाडसर, ओला, पण स्वच्छ शब्द आला.

"रसिकहो."

आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बाबा आमच्याकडे बघतच नव्हते. ते समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून पुन्हा म्हणाले, "रसिकहो, नमस्कार." आई दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. सोसायटीचा वॉचमन खालून वर बघत राहिला.

नंतर मी तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. त्यात बाबा नव्हते. सभागृह होतं, लोक खोकत होते, खुर्च्या करकरत होत्या, कुणीतरी कागदात गुंडाळलेली गोळी सोडत होतं. पण ज्या माणसाचं ऐकायला ते सगळे जमले होते तो नाहीसा झाला होता. फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचा घुमारा तेवढा येत होता, शब्द कळणार नाहीत इतका पुसट. आणि मग मध्येच, काहीही कारण नसताना, शेकडो माणसं हसत होती.

कारण मला लगेच कळलं, तेवढं तरी कळायलाच हवं. हेडफोनला तीन तारा असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि तिसरी दोघांची मिळून परतीची. पिन अर्धी निसटली की परतीची वाट तुटते आणि दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांतून वजा होतात. दोन्हीकडे जे सारखं असतं ते नाहीसं होतं, वेगळं असेल तेवढं उरतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने बाबांचा आवाज बरोबर मधोमध ठेवला होता आणि लोकांचा आवाज पकडायला दोन माइक सभागृहाच्या दोन टोकांना टांगले होते. त्यामुळे बाबा गेले आणि लोक उरले.

आणि ती रिकामी जागा बघून बाबा बोलले. निवेदक आलेला नाही आणि लोक ताटकळलेत, हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. मी तरी असं समजले.

पिन अर्धवट राहीना. श्वास घेतला तरी आत-बाहेर व्हायची. रबरबँड लावून पाहिलं, चिकटपट्टी लावून पाहिली. शेवटी मी वायर सोलली, परतीची तार शोधून कापली, टोक गुंडाळून ठेवलं आणि वरून टेप मारला. आयुष्यात इतक्या काळजीने मी कुठलीही वस्तू दुरुस्त केलेली नाही, जितक्या काळजीने ती बिघडवली. आई शेजारी उभी राहून बघत होती. "पुन्हा जोडली जाणार नाही ना?" तिने दोनदा विचारलं.

मग आमच्या घरात सणच सुरू झाला. रोज जेवण झालं की बाबा हेडफोन लावायचे आणि आम्ही दोघी समोर बसायचो. "रसिकहो, नमस्कार"नंतर मोबाईल आला. मग नातू आला. मग तबलजी आले. शब्द जिभेला चिकटून निघायचे, पण निघायचे, आणि रेकॉर्डिंगमधले लोक बरोबर जागच्या जागी हसायचे. ते आम्हाला ऐकू यायचं नाही, पण बाबांच्या चेहऱ्यावर दिसायचं. वाक्य संपवून ते थांबायचे, हशा ओसरू द्यायचे, आणि पुढचं घ्यायचे. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे यायचं ते घरात मी कधीच पाहिलं नव्हतं. मला थोडा रागही यायचा. सबंध सभागृह त्यांच्यासाठी आत्ताही जमलेलं होतं, आणि आम्ही दोघी सतरंजीवर.

आईने एकदा हेडफोन मागून घेतला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ही मीच हसतेय. सगळ्यांच्या आधी."

"तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? मला पहिल्या रांगेत कडेला बसवायचे ते काय गाणी ऐकायला? पुण्यातली माणसं. आधी शेजारचा हसतोय का बघतील, मग स्वतः हसतील. कुणीतरी सुरुवात करायला नको? वाद्यवृंदातल्या सगळ्यांच्या बायकांना हे काम होतं. टाळीला पेटीवाल्यांची बायको, हशाला मी."

तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही हळदीकुंकवाला कोण काय करायचं हे सांगतेय. मी विचारलं, तेच तेच ऐकून हसू यायचं का? ती म्हणाली, "हसू कशाला यायला हवं? हसायचं."

आणि तिने तेच घरात सुरू केलं. म्हणजे सुरुवात बाबांनीच केली. एकदा ती गोळ्या घेऊन गेली तेव्हा हेडफोन कानाला नसताना ते आपणहून म्हणाले, "मोबाईल बंद ठेवा." आम्ही आनंदाने ऐकत राहिलो. पुढचं वाक्यही अख्खं आलं, नातवासकट. मग ते थांबले. हशाची वाट बघत. हशा आला नाही. त्यांचा चेहरा असा पडला की आईला राहवेना, ती हसली. खळखळून, सभागृहात हसायची तशी. बाबा खुलले. मीही हसले. तेव्हापासून घराचा नियमच झाला. बाबा बोलले की हसायचं. पेपर न्यायला येणाऱ्या शेजारच्या काकांनाही आईने बजावलं. ते बिचारे दारातूनच हसत यायचे.

वाचोपचाराची मुलगी सुरुवातीला खूश झाली. पण पुढच्या महिन्यातही पाणी हवं असलं तरी "रसिकहो" आणि दार लावायचं असलं तरी "रसिकहो" हे पाहिल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. "ताई, स्पष्ट सांगू? हे ऑटोमॅटिक स्पीच आहे. हे येतं म्हणजे ते बोलतायत असं नाही. त्यांना जे सांगायचंय ते या वाक्यांतून बाहेर येत नाहीये. उलट हीच वाक्यं घट्ट बसतायत. आणि तुम्ही हसताय, त्यामुळे अजून घट्ट. प्लीज, तो हेडफोन थोडे दिवस बाजूला ठेवूया."

मी म्हणाले, "तुम्ही कधी त्यांच्या कार्यक्रमाला आला नव्हतात, म्हणून तुम्हाला असं वाटतंय."

हे काही उत्तर नव्हतं. ती खाली उतरली आणि नंतर यायची थांबली. तिचं बरोबर असणार हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण घरात पुन्हा ती शांतता आणायची ताकद माझ्यात नव्हती, आणि आईत तर त्याहून नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी कुणी काढून घ्यायला आलं तर बुडता चावतो, हे कुणी सांगत नाही.

तरी मी माझ्या परीने खटपट केली. कॉम्प्युटरवर एक नवं रेकॉर्डिंग बनवलं. सभागृहाचा आवाज ठेवला आणि एका बाजूला माझा आवाज घातला, म्हणजे तो वजा होणार नाही. मी विचारतेय, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" आणि पुढे रिकामी जागा. तिथे त्यांनी "पाणी" म्हणावं, "चहा" म्हणावं, काहीही म्हणावं. म्हटलं की हशाच्या जागी टाळ्या. मोठ्या आशेने मी ते त्यांच्या कानाला लावलं. माझा आवाज आला तसे ते दचकले. हेडफोन खाली ओढून त्यांनी मला शोधलं. मी समोरच बसले होते. माझ्या तोंडाकडे बघितलं, ते मिटलेलं होतं. परत हेडफोनकडे बघितलं. असे घाबरले की मी ते रेकॉर्डिंग त्याच दिवशी पुसून टाकलं.

मग मी काही केलं नाही. दिवस चालले होते. बाबांना एकूण दहा-बारा वाक्यं येत होती आणि त्यांत वाढ होत नव्हती. घरी कुणी आलं की आई कौतुकाने म्हणायची, "आता बरंच बोलतात." येणारे हसायचे, निघताना जिन्यात गंभीर व्हायचे.

तो प्रसंग एका रविवारी सकाळी घडला. आई पोहे परतत होती, मी बाबांच्या खोलीत चादर बदलत होते. ते खुर्चीत होते, हेडफोन शेजारी टेबलावर पडलेला. एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, घट्ट. मी वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. माझ्याकडे असं थेट त्यांनी आजाराआधीही कधी बघितलं नसेल. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. कार्यक्रमातलं नव्हे. त्यांचं. मला. मी म्हणाले, "बोला ना बाबा, मी ऐकतेय." आणि ओरडले, "आई, लवकर ये!"

आई झारा हातात घेऊन धावत आली आणि दारात उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि तोंडातून आलं, "मोबाईल बंद ठेवा. ज्यांना बंद करता येत नाही, त्यांनी नातवाला फोन करून विचारावं."

आणि आई हसली.

तिला हसायचं नव्हतं. डोळे नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघत होते आणि तोंड हसत होतं. इतक्या वर्षांचं वळण, वाक्य संपलं की हशा. तिच्यामागून माझ्याही तोंडून निसटलं. अर्धंमुर्धं, पण हसूच.

बाबा थांबले. हशा ओसरू दिला. रंगमंचावर द्यायचे तसाच, कारण त्यांनाही दुसरं काही येत नव्हतं. मग त्यांनी मान नकारार्थी हलवली, जोरात, आणि पुन्हा सगळा जीव एकवटून सांगायला गेले. पुन्हा तेच वाक्य आलं. शब्द न शब्द तोच. ते स्वतःही ते ऐकत होते. बाहेर काय पडतंय हे त्यांना कळत होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि ते मला पाहायचं नव्हतं.

या वेळी कुणी हसलं नाही. आम्ही दोघी जवळ सरकून वाट बघत राहिलो. त्यांनीही वाट बघितली. मग माझं मनगट सोडलं आणि डाव्या हाताने आपलं तोंड झाकून घेतलं.

आम्ही खूप विचारलं. कुठे दुखतंय का, छातीत होतंय का, कुणाला बोलवायचंय का, फोन लावून द्यायचाय का कुणाला. आईने तर इतक्या वर्षांतलं सगळं विचारलं, माझ्यावर राग आहे का, माझं काही चुकलं का. प्रत्येक प्रश्नाला आधी मान हलली, नाही. मग मान हलायचीही थांबली. डॉक्टरांनी तपासलं, नवीन काही निघालं नाही.

त्या रविवारपासून बाबांनी तोंड उघडलेलं नाही. मी कापलेली तार जोडून दिली तेव्हा त्यांनी हेडफोन हातात धरला आणि माझ्याकडे परत दिला. वाचोपचाराची मुलगी पुन्हा यायला लागली, ओठांचे व्यायाम सांगून जाते. ती मला काही बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

आई मात्र रोज सकाळी त्यांचा चहा घेऊन जाते, कप डाव्या हातात नीट बसवून देते आणि समोर बसून विचारते, "अहो, त्या दिवशी काय सांगायचं होतं?" ते तिच्याकडे बघत राहतात. चहा संपतो. ती कप उचलते आणि स्वयंपाकघरात जाते.